वीस वर्षं शिकवणाऱ्या सरांना आता कसलं ट्रेनिंग?

गेल्या जूनमध्ये बेळगावजवळच्या यळ्ळूरचे एक पालक मुलीची फी भरायला कॉलेजात आले होते. ऑफिसातलं काम आटोपून स्टाफरूममध्ये डोकावले, तर तिथं मी एकटाच बसलेला. "बाकीची सर मंडळी कुठं गेलीत ओ?" मी सांगितलं, ट्रेनिंगला गेलीत. कसलं ट्रेनिंग? ऑनलाइन कोर्स कसा तयार करायचा आणि कसा शिकवायचा, त्याचं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "म्हणजे वीस वर्षं शिकवून आता शिकवायचं कसं ते शिकूलालेत?"

प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता. बाहेर पाऊस लागलेला, त्यांना बस गाठायची होती, म्हणून मी "आता सगळं बदललंय हो मामा" असं काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. नंतर ते माझंच मला खटकलं. मुलगी त्यांची, फी त्यांची, आणि तिच्या गुणपत्रिकेत उद्या जे ऑनलाइन विषय येणार त्यांची काही कल्पना त्यांना नको? तेव्हा जे सांगायला हवं होतं ते आता सावकाशीनं सांगतो.

गूगल मीटवरचा तास म्हणजे ऑनलाइन कोर्स नव्हे

ऑनलाइन म्हटलं की सगळ्यांना २०२० आठवतं. खानापूर तालुक्यातली पोरं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची, इकडं आम्ही घरातल्या भिंतीला फळा टेकवून "ऐकू येतंय का, ऐकू येतंय का" करत असायचो. साठ नावांपैकी बावन्न नावांपुढं काळा चौकोन. त्या चौकोनाआड कोण जेवतंय, कोण झोपलंय, कोण गुरांमागं गेलंय, काही कळायचं नाही. लोकांनी त्यावरून मत बनवलं की ऑनलाइन शिकणं म्हणजे हेच, आणि ते भिकार असतं.

पण ते ऑनलाइन शिक्षण नव्हतंच. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतल्या काही शिक्षणतज्ज्ञांनी लेख लिहून सांगितलं होतं की ही आणीबाणीतली सोय आहे, तिला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, नाहीतर दोन्हींची गल्लत होईल. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९ च्या पुरात चिकोडी-निपाणीकडच्या नदीकाठच्या लोकांना बोटीतून बाहेर काढलं. म्हणून कुणी "गावाला बोटसेवा सुरू झाली" असं म्हणालं नाही.

खरा ऑनलाइन कोर्स आधी महिनोन्‌महिने बसून रचलेला असतो. विद्यार्थी तो आपल्या वेळेला, आपल्या वेगानं शिकतो, आणि बहुतेक वेळ शिक्षक त्याच्यासमोर नसतो. अशा हजारोंसाठी खुल्या असलेल्या कोर्सला इंग्रजीत एक लघुनाम आहे, MOOC. ते २००८ पासून वापरात आलं, आणि देवनागरीत लिहिलं की ते होतं 'मूक'. आमच्या स्टाफरूममध्ये यावरून पुष्कळ हसून झालंय. पण वाईट रीतीनं केलेला मूक खरोखरच मुका असतो, हेही खरं.

गुणपत्रिकेशी याचा संबंध कसा

आपल्या देशात या कोर्सेसचं मोठं दुकान म्हणजे 'स्वयं'. केंद्र सरकारचं हे संकेतस्थळ ९ जुलै २०१७ रोजी तेव्हाचे राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुरू झालं. त्याच्याही आधीपासून, २००३ पासून, सात आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी मिळून 'एनपीटेल' चालवतात. इंजिनिअरिंगच्या पोरांना ते नाव पाठ असतं. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी.

इथपर्यंत ही हौसेची गोष्ट वाटते. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०१६ मध्ये नियम केला की विद्यार्थी 'स्वयं'वरचे विषय घेऊन त्याचे क्रेडिट आपल्या पदवीत धरून घेऊ शकतो. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन: किती तास अभ्यास झाला, त्याचं माप. तेव्हा मर्यादा होती २० टक्के. २०२१ च्या नव्या नियमांत ती एका सत्रातल्या विषयांच्या ४० टक्क्यांपर्यंत गेली. विद्यापीठानं तो विषय मान्य केला पाहिजे ही अट आहेच. तरी आकडा बघा: शंभरातले चाळीस.

सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. निपाणीच्या एकाच गल्लीतल्या दोन मुली घ्या. एक गावातल्याच कॉलेजात जाते आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाची पदवी घेते, जे २०१० मध्ये सुरू झालं. दुसरी चालत अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जाते. ते महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यात, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं. गल्ली एक, राज्यं दोन, अभ्यासक्रम दोन, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. पण दोघींनी 'स्वयं'वर एकच विषय घेतला तर व्हिडिओ तोच, परीक्षा तीच, क्रेडिट तेवढेच. हद्दीचा खांब मध्ये येत नाही असं आपल्याकडं फार थोड्या बाबतीत घडतं.

आता हे विषय तयार कोण करणार? आणि तयार असलेला विषय मुलांकडून पुरा करून कोण घेणार? मास्तरच. म्हणून ट्रेनिंग.

चार कोपरे

'स्वयं'च्या कोर्सला चार भाग असावे लागतात, त्यांना चतुष्पाद म्हणा किंवा चार कोपरे म्हणा. व्हिडिओ, वाचायचा मजकूर, स्वतःला तपासायच्या चाचण्या आणि शंका विचारायचा चर्चामंच. बहुतेकांना पहिलाच दिसतो. कॅमेरा, माईक, मागं पडदा, झाला कोर्स. मीही तसंच समजत होतो.

माझा पहिला व्हिडिओ आठवतो. सवयीनं मी कॅमेऱ्याला म्हणालो, "मागच्या बाकावरचे, इकडं लक्ष द्या." पुढं म्हणालो, "हे आपण उद्या बघू." उद्या कुठला? व्हिडिओत उद्या नसतो. कुणी तो रात्री अकराला बघतो, कुणी तीन वर्षांनी. मध्येच बोट दाखवून "हे बघा" म्हणालो, तर बोट चौकटीच्या बाहेर गेलेलं. शिवाय बेळगावचा पाऊस आणि वर पत्रा, त्यामुळं शेवटची सात मिनिटं नुसता ताशा वाजत होता. तो व्हिडिओ मी अजून जपून ठेवलाय. नव्या लोकांना दाखवायला बरा पडतो.

भाकरी येते म्हणजे मांडे येतात असं नाही

आमच्याकडं लग्नात मांडे लागतात. मांडे करणाऱ्या बाईचा हात बघितलाय का कधी? पिठाचा गोळा हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत नेते, आणि पालथ्या घातलेल्या भांड्यावर अलगद टाकते. घरोघरच्या आया रोज वीस-वीस भाकऱ्या थापतात. त्यांना पिठाची जाण आहे, जाळाची जाण आहे. पण मांड्याला बसवलं तर पहिले दहा फाटणार. त्यांना स्वयंपाक येत नाही म्हणून फाटत नाहीत. हाताला जी सवय झालीय ती वेगळी आहे.

वर्गात शिकवणाऱ्याची सवय अशी असते: आत जायचं, मागच्या तासाचा धागा उचलायचा, चेहऱ्यांकडं बघत बघत पुढं सरकायचं. कुणाची भुवई चढली की तेच परत सांगायचं, दुसऱ्या उदाहरणानं. तासाला घंटा असते, ती वाजली की थांबायचं. यात तयारी डोक्यात असते, आणि दुरुस्ती जागेवर होते. ऑनलाइनमध्ये भुवया दिसत नाहीत. म्हणून जी दुरुस्ती तुम्ही जागेवर करणार होता, ती सगळी आधी करून ठेवायची असते. ट्रेनिंगचा गाभा माझ्या मते एवढाच. बाकीचं बटणांचं काम, ते आठवड्यात येतं.

एक उदाहरण घेऊन दाखवतो, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यात मागणीची लवचिकता नावाचा धडा आहे: भाव वाढला तर विक्री किती घटते, त्याचं माप. वर्गात मी व्याख्या सांगायचो, सूत्र लिहायचो, आकृती काढायचो, शेवटी गणित घालायचो. पन्नास मिनिटं.

ट्रेनिंगमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला: धडा संपल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे? "लवचिकता समजली पाहिजे" हे उत्तर चालणार नाही, कारण समजली की नाही ते तुम्ही बघणार कसं? बराच वेळ विचार करून मी लिहिलं: भाव आणि विक्रीतली टक्केवारी दिली तर दुकानदाराचा गल्ला वाढेल की घटेल हे मुलाला सांगता आलं पाहिजे. म्हणजे आधी मुक्काम ठरवायचा, मग तिथं पोचल्याची खूण ठरवायची, आणि मग रस्ता आखायचा. वर्गात आपण बरोबर उलटं करतो. रस्त्याला लागतो, आणि घंटा वाजेल तो मुक्काम.

मग प्रश्न तयार केला. समजा कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावच्या मिठाईचा, भाव १० टक्क्यांनी वाढला आणि विक्री २० टक्क्यांनी घटली. गल्ल्याचं काय झालं? पर्याय तीन: १० टक्के वाढला, १० टक्के घटला, १२ टक्के घटला. पहिला पर्याय निवडणाऱ्याला वाटतं, भाव वाढला म्हणजे गल्ला वाढणारच. त्यानं विक्रीकडं बघितलंच नाही. दुसरा निवडणाऱ्यानं वीसातून दहा वजा केले. टक्केवारीत तसं चालत नाही, कारण वाढलेला भाव घटलेल्या मालावर लागतो. शंभर रुपयांच्या जागी आता एकशे दहा, पण शंभर डब्यांच्या जागी ऐंशीच. गुणाकार करा: दहा हजारांचा गल्ला आठ हजार आठशेवर आला, म्हणजे १२ टक्के घट. तिसरा पर्याय बरोबर.

बघा, यात चुकीचा प्रत्येक पर्याय एका ठरावीक गैरसमजावर बोट ठेवतो. आणि चूक निवडली की संगणक नुसतं "चूक" म्हणत नाही. त्या गैरसमजाला उद्देशून मी आधीच लिहून ठेवलेल्या दोन ओळी दाखवतो. मग कांद्याचं गणित येतं. तिथंही भाव १० टक्क्यांनीच वाढलाय, पण कांद्यावाचून चालत नाही म्हणून विक्री जेमतेम २ टक्क्यांनी घटलीय. इथं गल्ला जवळपास ८ टक्क्यांनी वाढतो. कुंदा आणि कांदा शेजारी ठेवले की लवचिकता म्हणजे काय ते मुलाला व्याख्येआधीच लागतं. पर्यायांचा हा एक प्रश्न लिहायला मला दीड तास लागला. वर्गात इतकी वर्षं मी असा प्रश्न एकदाही लिहिला नव्हता, हे कबूल करायला लाज कसली.

सहा मिनिटांचा हिशेब

व्हिडिओ केवढा असावा? २०१४ मध्ये 'एडेक्स' या परदेशी संकेतस्थळावरच्या कोर्सेसचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या होत्या. व्हिडिओ कितीही लांब असो, सर्वसाधारण विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडं टिकत नव्हता. यावरून "आजकालच्या पोरांना दमच नाही" असा निष्कर्ष काढायला आम्ही मास्तर मोकळे असतो. पण एकट्यानं पडद्याकडं बघत बसणं आणि चाळीस जणांत बसून ऐकणं यात फरक आहे. पाऊण तासाचं कीर्तन मांडीला मांडी लावून ऐकता येतं, तेच मोबाईलवर ऐकून बघा.

मुंबईच्या आयआयटीनं शिक्षकांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात याचा विचार दिसतो. व्हिडिओला त्यांनी भाषण म्हटलं नाही, संवाद म्हटलं. मध्येच शिक्षक थांबतो आणि म्हणतो, आता व्हिडिओ बंद करा, कागदावर उत्तर लिहा, मग पुढं या. त्याच्या जोडीला करून बघायचं काम, ज्याला पुढं जायचंय त्याच्यासाठी पुढची वाट, आणि एकमेकांशी बोलायची सोय. याच आयआयटीनं पूर्वी दहा हजार शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प केला होता, त्यात देशभरच्या कॉलेजांना दूरकेंद्रं म्हणून जोडलं होतं.

खरं तर आपल्याकडं ही विद्या नवीन नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची जुनी पुस्तकं कुणाच्या घरी असतील तर काढून बघा. विद्यापीठ १९८९ चं. त्या पुस्तकांत धड्याच्या सुरुवातीला उद्दिष्टं असतात, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न असतात, मागं उत्तरं. शेतात काम करून रात्री अभ्यास करणाऱ्या माणसासाठी, समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून, ती लिहिलेली आहेत. चार कोपऱ्यांतले दोन कोपरे कागदावर तेव्हाच झाले होते.

वाटेवरच्या पाट्या

वर्गातला शिक्षक एसटीच्या ड्रायव्हरसारखा. आरशात बघतो, धावत येणारा दिसला तर गाडी हळू करतो. ऑनलाइनमध्ये विद्यार्थी एकटा चालतोय आणि तुम्ही आधीच जाऊन फाट्याफाट्यावर पाट्या लावून ठेवल्यात. जांबोटीकडं जाणारा जिथं चुकेल असं वाटतं, तिथंच पाटी हवी. जिथं रस्ता सरळ आहे तिथं चार पाट्या लावून उपयोग नाही. (पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावरून आपल्याकडं काय काय झालंय ते मी सांगायला नको. त्या विषयाकडं येतोच.)

पाट्या लावूनही माणसं परततात. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडेक्सवरच्या कोर्सेसचा हिशेब २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी शंभरात जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यातले ४६ टक्के पुरे करून गेले. याचा एक अर्थ असा की फुकटात नुसतं डोकावणारे पुष्कळ असतात, त्यांना नापास धरू नये. दुसरा अर्थ मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पैसे भरून, ठरवून बसलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त वाटेत थांबले.

थांबलेल्याला परत आणायचं काम सॉफ्टवेअर करत नाही. ट्रेनिंगचा जो भाग सगळ्यांत कमी शिकवला जातो तो हाच. दर सोमवारी विद्यार्थ्यांना दोन ओळींचा निरोप पाठवणं, दोन आठवडे जो दिसला नाही त्याला नावानं विचारणं, चर्चामंचावर आलेल्या शंकेला दोन दिवसांच्या आत उत्तर देणं, आणि कधी कधी मुद्दाम उत्तर न देता दुसऱ्या मुलाला बोलू देणं. शेवटचं सगळ्यांत अवघड. मास्तराच्या जिभेला कळ काढवत नाही.

भाषेचं काय करायचं

इथं बेळगावची गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा वेगळी होते. आमच्याकडं येणारी बरीच मुलं मराठी शाळेतून आलेली असतात. शाळेत कन्नड शिकलेली असतात, पण जेमतेम परीक्षेपुरती. कॉलेजात आल्यावर पुस्तक इंग्रजी, बाजूच्या बाकावरचा मित्र कन्नड, डोक्यातला विचार मराठी. वर्गात मी तिन्ही भाषांत फिरतो. इंग्रजीत व्याख्या, मराठीत समजावणं, आणि कन्नड मुलांसाठी मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये तेच. कुणी आम्हाला हे शिकवलं नाही, गरजेनं आलं.

व्हिडिओत असं फिरता येत नाही. ज्याला कन्नड येत नाही त्याच्यासाठी कन्नडमधली तीन मिनिटं म्हणजे पाऊस आणि पत्रा. मग मार्ग काय? एक, बोलणं एका भाषेत ठेवायचं आणि लेखी टिपण तीन भाषांत द्यायचं. एनपीटेलनं आपल्या बऱ्याच कोर्सेसचा मजकूर मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत करून ठेवलाय, तो उतरवून घेता येतो. आमच्या किती मुलांना हे माहीत आहे, हा वेगळाच प्रश्न.

दोन, परिभाषेचा तक्ता. हे काम करताना मला एक गंमत सापडली. मागणीच्या लवचिकतेला कन्नडमध्ये म्हणतात 'बेडिकेय स्थितिस्थापकत्व'. बेडिके म्हणजे मागणी. आणि स्थितिस्थापकत्व? आपल्या मराठी शाळेतल्या विज्ञानात रबर ताणून सोडलं की पूर्ववत होतं, त्या गुणाला आपण स्थितिस्थापकताच म्हणतो. म्हणजे मराठी मुलाला कन्नड शब्द अर्धा आधीपासून येत होता, फक्त विज्ञानाच्या पुस्तकातून. तक्त्यात ही दोन घरं शेजारी ठेवली आणि चर्चामंचावर पहिल्यांदाच कन्नड आणि मराठी मुलं एकमेकांना शब्द विचारू लागली. बाहेरून आलेला तज्ज्ञ हे शिकवू शकत नाही, कारण ही अडचण त्याला कधी आलीच नाही. म्हणून माझा हट्ट आहे की ट्रेनिंगमधला निदान एक दिवस इथल्याच शिक्षकांनी एकमेकांना शिकवण्यासाठी ठेवावा.

"पण सर, आमच्याकडं रेंजच नाही"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला "होईल सगळं" हे उत्तर नाही. पण हिशेब करता येतो. चांगल्या प्रतीपेक्षा जरा खालचा, सेकंदाला ५०० किलोबिटचा व्हिडिओ घेतला तर तासाला सव्वादोनशे एमबी लागतात. त्याचाच नुसता आवाज ६४ किलोबिटनं दिला तर तासाला २९ एमबीसुद्धा लागत नाहीत. म्हणजे कणकुंबीच्या मुलीनं शनिवारी खानापुरात आल्यावर आठवड्याचा आवाज आणि टिपणं उतरवून घेतली, तर बाकीचा आठवडा रेंजवाचून चालू शकतो. अट एकच: शिक्षकानं धडा असा रचलेला असावा की चित्र न बघताही तो समजेल. "हे बघा" म्हणून बोट दाखवणाऱ्याचा आवाज ऐकून काय कळणार? हीच काळजी घेतलेला धडा ज्याला डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यालाही चालतो.

घरी बसून कॉपी होणार नाही का, असंही विचारतात. घरच्या चाचण्यांत होते, थोडीफार. म्हणून एनपीटेलच्या निकालात गृहपाठाला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के धरतात.

आणि इंटरनेटवरून चित्रं उचलून चिकटवायची खोड? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकवताना वापरायची काही सवलत शिक्षकाला आहे, पण जगाला खुल्या असलेल्या कोर्समध्ये ती गृहीत धरता येत नाही. खुल्या परवान्याची चित्रं वापरावीत, नाहीतर स्वतः काढावीत. माझी कुंद्याची आकृती मीच काढलीय, डबा वाकडा आलाय.

"शेवटी मास्तर कमी करायचाच डाव ना?"

हा प्रश्न पालकांपेक्षा आमच्यातलेच जास्त विचारतात, तेही दबक्या आवाजात. एकदा व्हिडिओ झाला की माणूस कशाला, असं एखाद्या संस्थेला वाटू शकतं. भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण वर सांगितलेला शंभरातले तीन हा आकडा व्हिडिओवर सगळं सोपवल्याचाच आहे. जिथं कॉलेजातला शिक्षक आठवड्यातून एकदा मुलांना घेऊन बसतो, दुसऱ्याचा व्हिडिओ का असेना, त्यावर बोलतो, तिथं मुलं टिकतात हे मी स्वतः बघतो.

उलट बाजूलाही एक लोभ आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत बढतीसाठी जे गुण मोजतात, त्यात चार क्रेडिटचा पूर्ण मूक तयार केला तर २० गुण, एखादं प्रकरण केलं तर ५. गुण मिळतात म्हटल्यावर कोर्स होणारच. कसे होतात, ते वेगळं.

माझं पहिलं ट्रेनिंग असंच गुणांसाठी होतं. नाव सांगत नाही. पाच दिवस, झूमवर काही शे माणसं, रोज चार वक्ते, प्रत्येकाच्या साठ-साठ स्लाइड. ऑनलाइन विद्यार्थी सहा मिनिटांपलीकडं टिकत नाही हे एका वक्त्यानं सलग दीड तास सांगितलं. मी त्या वेळात भाजी निवडली. शेवटी फॉर्म भरला की प्रमाणपत्र. पाच दिवसांत मी एक प्रश्न लिहिला नाही, एक मिनिट रेकॉर्ड केलं नाही.

पुढं दुसरं मिळालं, त्यात माणसं वीस. वक्ते दोनच. पहिल्या दिवशी आपला एक धडा घेऊन यायचं, शेवटच्या दिवशी तोच धडा ऑनलाइन करून द्यायचा, आणि मध्ये तो तीन जणांनी फोडून काढायचा. माझा धडा फोडायला एक इतिहासाच्या बाई होत्या, चिकोडीकडच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, तुमची व्याख्या मला कळली नाही. तुमच्या पोरांना कळते?" वीस वर्षांत विद्यार्थ्यानं हे कधी तोंडावर विचारलं नव्हतं. तो कुंदा-कांद्याचा प्रश्न त्यातूनच आला.

सरकारी पातळीवर शिक्षकांसाठी २०१८ मध्ये 'अर्पित' नावाचे उजळणी कोर्स 'स्वयं'वरच सुरू झाले, आणि २०२३ पासून मालवीय मिशनच्या नावाखाली प्रशिक्षण चालतं. त्यात वीस जणांचं वाट्याला येतं की काही शे जणांचं, हा नशिबाचा भाग झालाय. तो तसा राहू नये.

यळ्ळूरच्या मामांची मुलगी

तिचं नाव लिहीत नाही. गेल्या सत्रात कॉलेजच्या 'मूडल'वर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर, मी माझा छोटा कोर्स चढवला. सहा आठवड्यांचा. तिनं कुंद्याच्या प्रश्नाला दुसरा पर्याय निवडला. संगणकानं माझ्या दोन ओळी दाखवल्या असणार, पण तिचं समाधान झालं नाही. रात्री पावणेअकराला चर्चामंचावर तिनं लिहिलं, "सर, वीसातून दहा गेले तर दहाच राहतात की. बारा कुठनं आले?"

मी जागाच होतो. उत्तर टाईप केलं, बोट बटणावर नेलं, आणि त्या इतिहासाच्या बाईंची आठवण येऊन थांबलो. वीस मिनिटांनी नंदगडच्या एका मुलानं, जो वर्गात कधी तोंड उघडत नाही, कागदावर गणित करून त्याचा फोटो टाकला. शंभर डबे, ऐंशी डबे, एकशे दहा रुपये. खाली लिहिलं होतं, "आमचं दुकान आहे. भाव वाढवला की मला रोज हे बघायला लागतं."

तिनं त्यावर विचारलं, मग कुंद्याचा भाव किती वाढवला तर गल्ला सगळ्यांत जास्त होईल? तो धडा अजून चार आठवडे पुढं होता. मी टाईप केलेलं उत्तर पुसून टाकलं.